चार ते सहा बंद

मिस्त्रींच्या स्वयंपाकघरातला फ्रिज एकोणीस वर्षांचा होता, आणि शेवटची सात वर्षं तो रोज दुपारी बंद पडायचा. मोडायचा नाही, नुसता थांबायचा. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत यायचं, तिरकं होऊन फ्रिजच्या मागच्या जाळीवर पडायचं, आणि चारच्या सुमाराला आतून खट्ट असा आवाज व्हायचा. मग इतका वेळ काहीतरी घरघरत होतं हे घरातल्यांच्या ध्यानात यायचं. सहाला ऊन उतरलं की पुन्हा खट्ट, आणि घरघर सुरू.

अर्ध्या शहराचे फ्रिज दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरी असा फ्रिज असणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं. बिघाड काय आहे हे मिस्त्रींना पहिल्याच दिवशी कळलं होतं. कॉम्प्रेसरला ओव्हरलोड म्हणून एक काळा, कोटाच्या बटणाएवढा भाग असतो. कॉम्प्रेसर फार तापला की तो वीज तोडतो, निवला की जोडतो. जुना झाला की उगाचच घाबरतो, जरा ऊन लागलं तरी तोडून मोकळा होतो. बदलायला दहा मिनिटं लागतात. पण बायको हात लावू द्यायची नाही.

"अगं, दहा मिनिटांचं काम आहे."

"दहाचं असो नाहीतर दोनचं. गावभर दुरुस्त करत फिरा, हा माझा आहे."

"लोक काय म्हणतील? मिस्त्रीच्या घरचा फ्रिज दुपारी झोपा काढतो."

"म्हणू देत. या घरात दुपारी झोपणारं कुणीतरी हवंच. तुम्ही तर डोळा मिटत नाही."

तीही त्यांना मिस्त्रीच म्हणायची. लग्नानंतर आठ दिवस 'अहो' म्हणून पाहिलं, मग म्हणाली, ही हाक काही जमत नाही, शेजारचे तीन पुरुष वळून बघतात.

ती संशोधन केंद्रात कामाला होती, किड्यांच्या खोलीत. सव्वीस वर्षं तिने ढालकिडे पाळले. लाल, पाठीवर काळे ठिपके, गुंजेपेक्षा थोडे मोठे. हे किडे पिकावरचा मावा खातात, म्हणून त्यांना वाढवायचं, हिवाळाभर थंड कपाटात निजवून ठेवायचं आणि ऊन तापू लागलं की शेतांवर पाठवायचं, असं ते काम. त्यांतला एक वंश तिच्या जिवाभावाचा होता. अठरा वर्षांपूर्वी ती आणि तिच्या वरच्या बाई एका उंच, उघड्याबोडक्या डोंगरावर गेल्या होत्या आणि बर्फाखालच्या एका दगडाच्या फटीतून मूठभर किडे घेऊन आल्या होत्या. त्या मूठभरांतून अठरा हिवाळे वंश चालला. दर हिवाळ्यात त्यांतले साठ किडे डबीत घालून ती घरी आणायची. केंद्रातलं कपाट कधी दगा देईल सांगता येत नाही, चार माणसं पाहुण्याकडे असलेली बरी, असं म्हणायची. डबी फ्रिजमध्ये खाली, भाजीच्या कप्प्यात असायची.

मिस्त्रींना थंडी वेगळ्या बाजूने माहीत होती. ते म्हणायचे, थंडी म्हणून काही नसतंच. फ्रिज गारवा आत घालत नाही, आतली ऊब काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. ती म्हणायची, तुमच्या डब्याला नसेल, पण ज्याच्या अंगातली ऊब काढता त्याला विचारा. मग सांगत बसायची. हिवाळ्याआधी किडा खाणं सोडतो. पोट पुरतं रिकामं करतो, कारण पोटात कण राहिला तर त्याच्याभोवती बर्फ धरतो. अंगातलं पाणी थोडं उडवून टाकतो. उरलेल्यात साखरेसारखं काहीतरी मुरवतो, म्हणजे ते लवकर गोठत नाही. आणि मग एकमेकांच्या अंगाला अंग लावून गप्प बसतो. थंडी, तहान, भूक, तिन्ही एकदम. मिस्त्री हं हं करत पेपर वाचायचे.

हा हिवाळा अर्ध्यावर आला असताना एका सकाळी ती उठलीच नाही. आजारपण नाही, कुरकुर नाही. आदल्या संध्याकाळी अर्धा कोबी चिरला होता, उरलेला अर्धा कप्प्यात ठेवला होता.

त्यानंतर घर खायला उठलं हे तर झालंच. पण घराचं खाणं ठरल्या वेळी असायचं. सकाळी मिस्त्री कामावर जात, लोकांच्या स्वयंपाकघरात वाकून बसत, तोवर बरं असायचं. दुपारी तीनला घरी येत. आणि चारला खट्ट व्हायचं. घर एकदम गप्प व्हायचं. पूर्वी ती घरी असली की त्याच क्षणी चहाचं आधण ठेवायची. आता कुणी काही ठेवत नसे. दोन तास ती शांतता घरभर फिरायची, भांड्यांवरून, तिच्या चपलांवरून, आणि मिस्त्री खुर्चीत हात मांडीवर टाकून सहा वाजायची वाट पाहत बसायचे. महिनाभर त्यांनी ते काढलं. मग एक दिवस पिशवीतून नवा ओव्हरलोड काढला, फ्रिज भिंतीपासून ओढला आणि दहा मिनिटांत काम उरकलं. त्या दुपारी चार वाजले, पाच वाजले, सहा वाजले, घरघर काही थांबली नाही. आत थर्मामीटर ठेवून पाहिला. चार अंश. दुसऱ्या दिवशी चार अंश. चांगल्या दुरुस्तीचं माणसाला जेवढं समाधान होतं तेवढं त्यांना झालं. म्हणजे फार नाही, पण झालं.

डबीला त्यांनी हात लावला नाही. कोबीलाही नाही. तिने ठेवलंय, ते तिथेच राहील.

ती जाऊन तीन महिने झाले आणि एका सकाळी नऊला फोन वाजला. तिच्या वरच्या, किड्यांच्या खोलीच्या बाई होत्या. गळ्यात कायम भिंग अडकवलेलं, म्हणून मिस्त्री त्यांना मनातल्या मनात भिंगवाल्या बाई म्हणत.

"मिस्त्री, एक वाईट बातमी आहे. डोंगरावरचे सगळे गेले."

"सगळे?"

"काल कपाट उघडलं तर एक हलत नाही. चारशे होते. नवं कपाट आलंय ना यंदा, इतकं चांगलं की सांगता सोय नाही. काटा म्हणून हलत नाही. मला वाटलं आता काळजी मिटली." पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "रात्री तिच्या वह्या काढून बसले. जुन्या कपाटाच्या. रोज एक ओळ आहे. 'चार ते सहा बंद.' रोज. सात वर्षं. मला वाटायचं, जुनं यंत्र, विश्रांती देते बिचारी. विचारलं कधी नाही. ती मुद्दाम बंद करत होती, मिस्त्री. सलग थंडीत किड्याच्या आत रोज थोडं मोडत जातं. दिवसाचे दोन तास ऊब मिळाली की तो तेवढं दुरुस्त करून घेतो आणि पुन्हा निजतो. ऊब मिळाली नाही तर मोडलेलं साठत जातं. तो थंडीने मरत नाही हो, थंडीत खंड पडला नाही म्हणून मरतो."

मिस्त्रींनी फ्रिजकडे पाहिलं. फ्रिज घरघरत होता.

"हे तिला कळलं कुठून माहितीये?" बाई म्हणाल्या. "तुमच्या घरच्या फ्रिजवरून. एकदा मला हसत हसत म्हणाली होती, आमच्या मिस्त्रींचा फ्रिज बिघडलाय आणि त्यातले साठ जण केंद्रातल्यांपेक्षा टुणटुणीत आहेत. मी ते चेष्टेवारी नेलं. डबी आहे ना अजून?"

"आहे."

"आणि फ्रिज तसाच आहे ना? दुपारी थांबतो?"

आयुष्यात मिस्त्री कामाच्या बाबतीत कधी खोटं बोलले नव्हते. गॅस भरला नसेल तर नाही म्हणून सांगायचे. पण त्या वेळी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हो. थांबतो."

"देवच पावला म्हणायचा. मी चार वाजता येते. तोवर हळूहळू जागे करून ठेवा, तिच्या पद्धतीने. तुम्ही सात वर्षं बघितलंय, तुम्हाला काय सांगायचं."

त्यांनी फोन ठेवला. दोन महिने. साठ दिवस चार अंश, एका अंशाचाही खंड नाही. आपल्या हाताने, स्वच्छ, नीट काम करून त्यांनी तिच्या किड्यांची दुपार काढून टाकली होती.

त्यांनी कप्पा उघडला. अर्धा कोबी वरून काळपट, चिरलेल्या बाजूने चिकट झाला होता, आणि त्याला टेकून डबी. झाकणावर तिच्या अक्षरात लिहिलेलं: साठ. मिस्त्रींनी झाकण जरा उचललं. कागदाच्या चुरगळ्यात किडे एका ठिकाणी गोळा होऊन बसले होते. ओलीसाठी ठेवलेला कापूस पार वाळलेला. त्यांनी एकावर बोट टेकवलं. किडा मण्यासारखा घरंगळला.

"गेले," ते मोठ्याने म्हणाले.

मिस्त्रींना वाटलं, ओट्याशी उभं राहून तिने आवाज न चढवता विचारलं असतं: वाट पाहिलीत का? हात लावून कळत नाही, मिस्त्री. वाट पाहिल्यावर कळतं. हे ती म्हणायची, नक्की म्हणायची. पण त्यापुढे काय करायची? सात वर्षं, हिवाळा सरला की ती इथेच डबी जागी करायची आणि ते या खुर्चीत बसलेले असायचे, समोर पेपर धरून. सात वर्षं बघितलंय, बाई म्हणाल्या. बघितलं होतं, पण बघितलं नव्हतं.

मग ते तिथेच खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले. काय बोलायची ते आठवेना, तर ती उभी कुठे राहायची ते आठवू लागले. पाठमोरी. पांढरा, कोपरावर विरलेला स्वेटर. आधी कप्पा उघडून तसाच सोडायची, फ्रिजचं दार लोटायची नाही. ते ओरडायचे, दार लाव, गारवा जातोय, आणि ती म्हणायची, तुम्हीच सांगता ना गारवा नसतोच म्हणून. कप्प्यात हवा खेळू द्यायची. मग एक कप धुवायची. दुसरा कप धुवायची. मग डबी ओट्यावर. किती वेळ? दोन कपांएवढा. कापसावर पाणी थेंबाथेंबाने, चमच्याच्या टोकाने, त्यात मधाचं बोट बुडवलेलं. ओला झाला की पिळायची. आणि डबी उन्हात होती की सावलीत? इथे चित्र धूसर व्हायचं. ऊन तर ओटाभर असायचं, तिच्या हातांवर, बरण्यांवर. पण डबी लाल चमकताना कधी दिसली नव्हती. का नव्हती?

डोळे मिटलेले असताना फ्रिजची घरघर लांब गेली. स्वयंपाकघर मोठं झालं, डोंगराएवढं. दगडाच्या एका फटीत मिस्त्री अंगाचं मुटकुळं करून बसले होते. गार होतं, पण बोचत नव्हतं. अंगाला अंग लागून बाकीचे होते, शेजारी कोण हे दिसत नव्हतं, नुसता धक्का लागत होता. आपण पोटातलं सगळं बाहेर टाकून आलो आहोत, आत काही शिल्लक नाही, म्हणून आपल्यावर बर्फ धरत नाही, असं त्यांना वाटत होतं. मग वरून कुणीतरी दगड थोडा सरकवला. ऊन आलं नाही, उन्हाचा अंदाज आला. एक काळी सावली पडली, तिला तोटी होती, कान होता.

किटली.

मिस्त्री दचकून उठले. किटली ती खिडकी आणि डबी यांच्या मधोमध ठेवायची. डबी किटलीच्या सावलीत असायची. ऊन नाही, पण ऊन प्यालेल्या फरशीची ऊब. सात वर्षं त्यांना वाटत होतं, बाईमाणूस किटली कुठेही ठेवतं.

अकराला लेक आली तेव्हा फ्रिज उघडा होता, कप्पा अर्धा बाहेर ओढलेला होता आणि बाप ओट्यासमोर दोन धुतलेले कप पुन्हा धूत उभा होता.

"बाबा, दार उघडं टाकलंय. दुसऱ्याच्या घरी असता तर रागावला असता."

"असू दे."

"आणि हा कोबी! अहो, वास मारतोय. आज मी टाकणार म्हणजे टाकणार. मागच्या वेळीही तुम्ही हात धरलात. तीन महिने कोबी कोण ठेवतं?"

"तुझ्या आईने ठेवलाय."

"आईने भाजी करायला ठेवला होता, स्मारक म्हणून नाही."

मग तिने बापाचा चेहरा पाहिला आणि पिशवी खाली ठेवली. मिस्त्रींनी तिला सगळं सांगितलं. ओव्हरलोड, वहीतली ओळ, फोन, आणि आपण 'हो' म्हणालो ते. सांगताना ते कप पुसत राहिले.

"बदललात का पण? आई नको म्हणायची ना?"

"चारला गप्प व्हायचं सगळं."

लेकीने बापाच्या हातातून कप घेतला, आपणच पुसला, जागेवर ठेवला. "मग आता?"

"आता डबी ओट्यावर."

डबी ओट्यावर आली. ऊन अजून खिडकीच्या पलीकडे होतं, तरी मिस्त्रींनी किटली मांडली, आणि जसजसं ऊन सरकेल तसतशी ती सरकवायची असं ठरवलं. कापूस भिजवला, पिळला, आत ठेवला. लेक वाकून बघू लागली.

"श्वास सोडू नकोस त्यांच्यावर."

"मग काय कोंडून धरू?"

"तोंड तिकडे कर."

"बाबा, तुम्ही अगदी आईसारखं बोलताय."

एक वाजला. काही नाही. दोघांनी ब्रेडचे तुकडे चहात बुडवून खाल्ले. मिस्त्रींनी तीन महिन्यांत या स्वयंपाकघरात बसून काही खाल्लं नव्हतं, उभ्याने चावत होते. लेकीने लहानपणचं काढलं. शाळेत सांगितलं होतं, माझी आई किडे झोपवते, तर सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी आईने शाळेत येऊन बाकावर दहा किडे चालायला सोडले, आणि हसणारे बाकावर उभे. मिस्त्रींनी हे कधी ऐकलं नव्हतं. किंवा ऐकलं असेल, पेपरच्या मागून.

दोन वाजता ऊन ओट्यावर आलं. किटलीची सावली डबीवर पडली. चुरगळलेल्या कागदात साठ लाल मणी. लेकीने घड्याळाकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाले, "बाईंना फोन करून खरं सांगून टाकतो. कशाला बिचाऱ्या इतक्या लांब येतील."

"थांबा."

"काय थांबा? तीन तास झाले."

"बाबा. थांबा." ती ओट्यावर हनुवटी टेकवून बघत होती, श्वास बाजूला सोडत. "त्याची मिशी हलली."

"कुणाची?"

"त्या कडेच्याची. टिंबाएवढी आहे, पण हलली."

मिस्त्रींनी चष्मा लावला. काही दिसेना. काढून पुसून पुन्हा लावला. कडेच्या किड्याच्या डोक्याशी केसाच्या टोकाएवढं काहीतरी होतं, आणि ते आत गेलं. मग बाहेर आलं. जणू कुणी झोपेतून उठून दार जरासं किलकिलं करून बाहेर किती थंडी आहे ते बघत होतं.

तीनला दुसरा हलला. त्याने एक पाय काढला, हवेत धरला, जागा न सापडल्यासारखा ठेवून दिला. मग बऱ्याच वेळाने आणखी दोन. मिस्त्री मोजत नव्हते, मोजायची भीती वाटत होती. काही गोळ्यातून सुटून चालू लागले, अडखळत, भिंतीला धरून चालणाऱ्या म्हाताऱ्यांसारखे, आणि कापसाशी येऊन तोंड लावून थांबले. बाकीचे तसेच राहिले. त्यांच्या पाठीवरून जागे झालेले चालत गेले तरी ते हलले नाहीत.

बाई चारला आल्या. जिना चढून धाप लागलेली, भिंग छातीवर हेलकावत. दारातच म्हणाल्या, "अरे, फ्रिज चालू आहे अजून? चार वाजले ना?"

"बाई, मी खोटं बोललो," मिस्त्री म्हणाले. "दोन महिन्यांपूर्वी दुरुस्त केला. तेव्हापासून एकदाही थांबला नाही. जे मेलेत ते माझ्यामुळे."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे, मग ओट्याकडे गेल्या. भिंग डोळ्याला लावलं आणि डबीवर वाकल्या. श्वास बाजूला सोडला. नुसती घरघर.

"सतरा," बाई म्हणाल्या. "अठरावा विचार करतोय."

"साठ होते."

"माझ्याकडे चारशे होते. त्यांतला एकही नाही." त्या सरळ झाल्या. "माझ्याकडचे मरायला नकोत असं सगळं होतं. नवं कपाट, कोरडं, स्वच्छ. थंडी होतीच, त्यात ऊब नाही आणि हवा खडखडीत. एक त्रास किडा सोसतो, कधीकधी एक सोसला म्हणून दुसरा सोसायला बळही येतं. पण तिन्ही एकदम बसले की खचतो. तुमच्याकडेही कापूस वाळलाय. मग हे सतरा तहानेने कसे गेले नाहीत, हेच मला कळेना."

लेकीने कप्प्याकडे बोट दाखवलं.

बाईंनी कोबी उचलला. वास घेतला, नाक मुरडलं, पुन्हा घेतला. कप्प्याच्या काचेवर आतून दव धरलेलं होतं, ते बोटाने पुसून बघितलं. "तीन महिने हा इथे? कुणी टाकला नाही?"

"मी टाकत होते," लेक म्हणाली. "यांनी टाकू दिला नाही."

"बरं झालं. याच्या ओलीवर जगलेत हे. मिस्त्री, दुरुस्त केलंत ते बाधलं, आणि आवरलं नाहीत ते लागू पडलं. आता याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. सतरांवर वंश चालतो. आम्ही डोंगरावरून आणले तेव्हा बावीस होते. त्यांतले वाटेत किती गेले ते तिने मला कधी खरं सांगितलं नाही."

मिस्त्री खाली बसले. डोळे भरून आले ते त्यांनी पुसले नाहीत, लेकीनेही तिकडे पाहिलं नाही. तिने चहाचं आधण ठेवलं.

चहा पिता पिता बाई म्हणाल्या, "एक काम होतं. विचित्र आहे, हसू नका. ते नवं कपाट. कंपनीच्या माणसाला म्हटलं, रोज चार ते सहा बंद पडेल असं काही करून द्या. तो म्हणतो, बाई, आमच्या मालात बिघाड नसतो. त्याला वाटलं मी वेडी आहे."

"तुम्हाला बिघाड हवाय?"

"नीट बसवलेला. रोज न चुकता पडेल असा."

"एकतीस वर्षं मी लोकांचे बिघाड काढतोय," मिस्त्री म्हणाले. "बसवा म्हणून पहिल्यांदाच कुणी बोलावतंय." आणि त्यांना हसू आलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा. "टायमर बसवून देतो. उद्या सकाळी येतो. दुपार सोडून."

बाईंनी सतरा किडे आणि विचार करणारा अठरावा आपल्या डबीत घेतले. उरलेल्यांची डबी मिस्त्रींनी त्यांना दिली नाही, त्यांनीही मागितली नाही. जिन्यावर बाई थांबून म्हणाल्या, "ओली फडकी ठेवीन म्हणते त्यांच्याजवळ. नाहीतर कोबीच आणते." मग त्या गेल्या.

लेक निघायच्या तयारीत होती. मिस्त्रींनी पत्र्याच्या डब्यातून कागदात गुंडाळलेली एक पुडी काढली. काढलेला जुना भाग टाकायची त्यांना सवय नव्हती. पुडीत तो काळा, बटणाएवढा ओव्हरलोड होता.

"धर जरा," ते म्हणाले. "फ्रिज ओढायचाय."

"बाबा, आता किडे नाहीत त्यात."

"माहितीये."

लेकीने एका बाजूने हात लावला, त्यांनी दुसऱ्या. फ्रिज भिंतीपासून सुटला. मिस्त्री गुडघ्यांवर वाकले. दहा मिनिटांचं काम, त्यांनी आठ मिनिटांत केलं. ऊन अजून जाळीवर होतं. फ्रिज सुरू केला, तो थोडा वेळ घरघरला, तापला, आणि आतून खट्ट झालं.

घर गप्प झालं. रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, ती शेवटपर्यंत ऐकू आली.

लेकीने पिशवी खांद्यावरून उतरवली. "अजून अर्धा अर्धा कप करू?"

"कर," मिस्त्री म्हणाले. "सहापर्यंत वेळ आहे."